सगुणा टिटवीचा मधाळ आवाज

एका जंगलात, म्हणजे जिथे वाघांपेक्षा शिकवण्या जास्त झाल्या होत्या अशा एका जंगलात, सगुणा नावाची टिटवी राहत होती. बाळांनो, फोन पालथा ठेवा आणि नीट ऐका. गोष्ट लक्ष देण्याचीच आहे.

सगुणाचं घर तळ्याकाठच्या उघड्या माळावर होतं. घर कसलं, गोल मांडलेले खडे! त्या खड्यांत तिची अंडी. ना भिंत, ना छप्पर. त्यामुळे सगुणाचं लक्ष सतत चहूकडे असायचं. गवत हललं, की ती ओरडायची. कुत्रं दिसलं, की ओरडायची. ढगाची सावली सरकली तरी ओरडायची. आणि आवाज असा, की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवावेत.

तिच्या ओरडण्यामुळे बिबट्या कितीदा तरी उपाशी परतला होता. पण तिचं नाव काढलं, की सगळे कपाळाला हात लावत.

"परवा जरा कुठे डोळा लागला होता," ससोबा सगळ्यांना सांगायचा. "लगेच हिची टिवटिव सुरू! बिबट्या आला होता म्हणे. आला असेल. पण म्हणून इतकं किंचाळायचं? चार माणसांसारखं सांगता येत नाही?"

सगुणाला हे फार लागायचं. त्यातून रोजचा त्रास गव्यांचा. दुपारी त्यांचा कळप पाण्यावर यायचा, तो थेट तिच्या माळावरून. सगुणा त्यांच्या तोंडावर झेप घेऊन किंचाळायची. मग कळप फुरफुरत बाजूनं जायचा. "काय बाई कटकट आहे रोजची!" असं म्हातारे गवेदादा जाताजाता पुटपुटायचे.

"तू ओरडतेस, ते वळतात, अंडी शाबूत राहतात," तिचा नवरा भिवा म्हणाला. "आणखी काय पाहिजे?"

"मान पाहिजे," सगुणा म्हणाली. "मी नुसतं बघावं आणि त्यांनी आपणहून वाट बदलावी."

आणि भिवाला अंड्यांवर बसवून ती शिकवणीला गेली.

शिकवणी बाभळीखाली भरायची. शिकवायला होते रंगनाथ सर. जातीनं सरडा. सरांची ख्याती मोठी होती. रानडुक्कर म्हणालं, जगात कंद श्रेष्ठ, की सर मान हलवायचे. हरीण म्हणालं, छे, गवत श्रेष्ठ, की सर तेवढीच मान हलवायचे. दोघंही घरी जाऊन सांगायचे, की मला समजून घेणारा या जंगलात एकच.

"पहिला धडा, एकाग्रता," सर म्हणाले. "मनाचं शास्त्र काय सांगतं? एका वेळी एकच मुंगी! बाकी जग नाहीच असं समजा." हे सांगताना सरांचा एक डोळा विद्यार्थ्यांवर होता आणि दुसरा वरच्या फुलपाखरावर.

इतक्यात आभाळातून शिक्रा सुटला. त्याची नजर सरांवरच होती. सगुणा सवयीनं किंचाळली. अख्खा वर्ग झुडपात घुसला. सर पानाखाली जाऊन हिरवेगार झाले. शिक्रा निघून गेल्यावर ते तपकिरी होऊन बाहेर आले.

"पाहिलंत?" सर म्हणाले. "याला म्हणतात चंचल मन. गेली ना मुंगी!"

सगुणानं शरमून सगळ्या वर्गाची माफी मागितली.

दुसरा धडा होता छाप पाडण्याचा. आवाज खाली ठेवा. समोरच्याचं नाव घ्या. आधी कौतुक करा, मग मुद्दा. तो मान जशी वाकडी करेल तशी आपणही करा. 'नको' हा शब्द विसरा. आणि मुख्य म्हणजे, कल्पना त्याचीच आहे असं त्याला वाटू द्या.

सगुणा जीव तोडून शिकली. सकाळी ती एकाच खड्याकडे टक लावून बसायची. दुपारी तळ्यात बघून मान वाकडी करायची. पुढे एकदा खरोखरच बिबट्या आला. सगुणा तुरूतुरू ससोबाकडे गेली.

"ससोबा, आज कान काय रेशमी दिसताहेत तुमचे! बिबट्या येतोय असं आपलं मला वाटतंय. तुम्हाला काय वाटतं?"

"अगदी हेच माझ्या मनात आलं होतं!" ससोबा खूश होऊन म्हणाला. पुढच्याच क्षणी त्याची अर्धी शेपटी गेली. जीव कसाबसा वाचला. पण तो जंगलभर सांगत सुटला, "सगुणाताई किती सुधारल्या! असं गोड बोलणं मी जन्मात ऐकलं नाही."

सगुणाला घरोघरून बोलावणी येऊ लागली. मोर तिला आधी नमस्कार करू लागला. खोटं कशाला बोलू, बाळांनो, ती फार सुखात होती.

मधे वळवाच्या पावसानं रानात डबकी साचली होती, म्हणून गवे माळाकडे फिरकले नव्हते. मग उन्हाळा कडक झाला आणि डबकी आटली. एका दुपारी ती अशीच खड्याकडे टक लावून बसली होती.

"सगुणे, धूळ उठलीय बघ," अंड्यांवरून भिवा म्हणाला.

"भिवा, तुझी काळजी मी समजू शकते."

"अगं, काळजी नाही, धूळ! गवे आले!"

सगुणानं मान वर केली. कळप तहानेनं धावतच येत होता. ती उडाली आणि गवेदादांच्या पुढ्यात हळूच उतरली.

"गवेदादा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "काय भरदार छाती हो तुमची!"

गवेदादा थांबले. त्यांनी मान वाकडी केली. सगुणानंही केली.

"सगुणाताई," तेही खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचे पाय काय सडपातळ आहेत!"

बाळांनो, गवेदादाही शिकवणीला जात होते.

"कळपानं कुठून जावं असं तुम्हाला वाटतं?" सगुणानं विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"आधी तुमचं ऐकायला आवडेल मला."

"छे छे, आधी तुमचं."

दोघं एकाच कोनात माना वाकड्या करून एकमेकांकडे प्रेमानं बघत राहिले. मागचा कळप मात्र शिकलेला नव्हता. त्याला नुसती तहान लागली होती. तो दोघांच्या दोन्ही बाजूंनी पुढे घुसला.

भिवा उठला नाही. त्यानं अंड्यांवर पंख पसरले आणि डोळे मिटले. एक खूर त्याच्या शेजारी पडला. कडेचा खडा उडून थेट सगुणाच्या पायाशी आला.

आणि सगुणा ओरडली. इतके दिवस गिळलेलं सगळं ओरडणं एकदम बाहेर आलं. समोरचे गवे जागच्या जागी वळले. एक तळ्यात पडला. गवेदादा तर वय विसरून पळाले.

धूळ खाली बसली. भिवा पांढराफटक झाला होता, पण हलत होता. त्याच्या पोटाखाली अंडी तशीच होती. सगुणा त्याला बिलगून बसली आणि हमसून हमसून रडली. भिवानं उडालेला खडा चोचीनं ओढत पुन्हा जागेवर आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मंडळी समजूत घालायला आली. "अहो, आपलं सगळं ठरत आलं होतं," गवेदादा दुखावल्या आवाजात म्हणाले. रंगनाथ सरांनी तर तिथेच नवी शिकवणी जाहीर केली, 'योग्य क्षणी किंचाळण्याचं मानसशास्त्र'. माझ्याच विद्यार्थिनीनं ते सिद्ध केलं, असंही त्यांनी सांगितलं.

यथावकाश पिल्लं बाहेर आली. बाहेर येताक्षणी त्यांनी असा गळा काढला, की ससोबा झोपेतून उठून तरातरा आला.

"सगुणाताई, एवढ्या सुधारला होतात तुम्ही! निदान पोरांना तरी शिकवणीला घाला."

सगुणानं मान वाकडी केली. "ससोबा," ती मधाळ आवाजात म्हणाली, "तुमचं म्हणणं मला अगदी मनापासून समजतं."

ससोबा समाधानानं वळला. तोच पलीकडचं गवत हललं. आई, बाप आणि पिल्लं, सगळी एका सुरात किंचाळली. ससोबा उरलेली शेपटी घेऊन सुसाट पळाला. झुडपात शिरताना त्याचे शब्द साऱ्या माळावर ऐकू आले.

"काय हे घराणं! एकालाही बोलायची रीत नाही!"

तात्पर्य: ज्याला सर्वांचं लाडकं व्हायचं आहे, त्यानं कोणाचाही जीव वाचवू नये. अगदीच राहवलं नाही, तर आधी त्याच्या कानांचं कौतुक करावं. जीव वाचो न वाचो, शेपटी जाईपर्यंत तरी तो आपल्यावर खूश राहतो.