सातव्या पायरीची दुरुस्ती

"आमच्या घरात खोट म्हणून सापडायची नाही," माईंनी एजंटला फोनवर ठणकावून सांगितलं. "चाळीस वर्षं राहतोय आम्ही. एकदा म्हणून दाराने त्रास दिला असेल तर शपथ."

आणि माई खोटं बोलत नव्हत्या. सगळ्या घोटाळ्याचं मूळ तेच.

दुसऱ्या दिवशी एजंट बरोबर दहाला आला आणि सव्वादहापर्यंत फाटकाबाहेरच उभा राहिला.

"अहो, उचला की," माई दारातून म्हणाल्या.

"काय उचलू?"

"फाटक. उचला, आपल्याकडे ओढा आणि मग ढकला. सोपं आहे."

लेक सात वर्षांची असताना फाटकावर झोके घ्यायची, तेव्हापासून ते एका बाजूला कललेलं होतं. लेकीचे केस पिकायला लागले तरी फाटक उचलूनच उघडत होतं, आणि त्यात काही वावगं आहे हे माईंच्या कधी मनातही आलं नव्हतं. एजंट आत आला. त्याने दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. माईंनी जाता जाता बटणाखालच्या भिंतीला एक चापट मारली, लख्ख लागला. मग तो हात धुवायला न्हाणीघरात गेला आणि तिथलाच झाला.

"उजवा खांदा मारा," माईंच्या यजमानांनी बाहेरून शांतपणे सांगितलं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. सदतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, दिशा सांगण्यात चूक होणं शक्य नव्हतं. "कडीच्या थोडं वर. जोरात. लाजू नका."

एजंट लाजला. त्यामुळे त्याला वीस मिनिटं लागली.

"माई," बाहेर आल्यावर घाम पुसत तो म्हणाला, "हे घर तुम्हा दोघांनाच वापरता येतं. असंच विकायचं असेल तर तुम्हा दोघांसकट विकावं लागेल."

मास्तर हसले. माई मात्र हसल्या नाहीत.

कारण घर विकायचं होतं ते जिन्यापायी. झोपायची खोली वर, बाकी सगळं खाली आणि मध्ये तेरा पायऱ्या. मास्तरांचा डावा गुडघा हल्ली मध्येच दगा द्यायचा. मागच्या वर्षी ते शेवटून तिसऱ्या पायरीवरून खाली आले, थोडक्यात निभावलं. "पुढच्या वेळी थोडक्यात निभावणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य माईंच्या कानात घर करून बसलं. मास्तर उतरायला लागले की त्या हातातलं काम टाकून पावलं मोजत. दूध उतू गेलं तरी चालेल, मोजणी चुकता कामा नये. सातवी पायरी दोन बोटं खचलेली होती. लोखंडी कपाट वर चढवताना चौघांच्या हातून निसटलं होतं, तेव्हाची ती खूण. तिच्यावर पाऊल पडलं की धप्प असा आवाज यायचा. धप्प झालं की सहा उरल्या. मग माई श्वास घ्यायच्या.

लेकीने आपल्या शेजारच्या इमारतीतला फ्लॅट हेरून ठेवला होता. लिफ्ट होती. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता, आणि महिना संपायला अकरा दिवस उरले होते.

माईंनी सुताराला बोलावलं. चार दिवसांत त्याने घराचं रूपच पालटलं. फाटकाला नव्या बिजागऱ्या, न्हाणीघराच्या दाराची कड तासलेली, सातवी पायरी उचलून बाकीच्यांच्या रांगेत. नळ आणि बटणं त्याच्या मेव्हण्याने बदलली.

"फुंकर मारली तरी दार उघडेल, माई," तो जाताना म्हणाला.

त्याची सायकल कोपऱ्यावर वळली नसेल तोच न्हाणीघरातून मास्तर बाहेर आले. आले म्हणजे काय, सुटले. चाळीस वर्षांचा सराव असलेला खांदा त्यांनी दाराला दिला, दाराने अजिबात विरोध केला नाही आणि मास्तर टॉवेलसकट बोळ ओलांडून समोरच्या भिंतीला जाऊन भेटले. आवाज ऐकून तिकडे धावण्याआधी माई स्वयंपाकघरातला नळ बंद करायला गेल्या, सवयीने दोन्ही हातांनी पिळला, तर नळाची मूठ हातात आणि पाणी छताला. मुख्य कॉक बंद करून, मूठ घेऊन, निथळत त्या सुताराला हाक मारायला धावल्या. फाटक नेहमीसारखं उचललं. ते बिजागऱ्यांतून अलगद निघून त्यांच्या मिठीत आलं. दुसऱ्याचं तान्हं मूल कुणी हातात द्यावं आणि निघून जावं, तशा त्या फाटक धरून रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण सुतार परत येऊन डागडुजी करून गेला आणि दुपारी मास्तर जिना उतरू लागले.

माई मोजत होत्या. चार. पाच. सहा.

धप्प झालं नाही. त्याऐवजी एक घसपट ऐकू आली, काहीतरी कठड्यावर आदळलं आणि मग काहीच नाही. माई जिन्याशी पोचल्या तेव्हा मास्तर दोन्ही हातांनी कठडा कवटाळून उभे होते. पाय दोन बोटं खाली जायच्या तयारीत होता आणि पायरीने त्याला वरच अडवलं होतं.

"कोण आहे तिथे?" ते रागाने म्हणाले.

"पायरी आहे," माई म्हणाल्या.

ज्या माणसाला जिन्यापासून वाचवायचं, त्याच्याच वाटेत आपण जिना नीट करून ठेवला होता. माईंनी सुताराला फोन केला. "ती सातवी परत खचवून द्या."

"आणि घर बघायला आलेलं माणूस पडलं तर?" सुतार म्हणाला. माईंनी फोन ठेवून दिला. तसं झालं असतं तर फ्लॅटही गेला असता.

मग शिकवणी सुरू झाली. न्हाणीघरासमोरच्या भिंतीला माईंनी दोन उशा बांधल्या. मास्तर निवृत्तीनंतर प्रथमच खूश दिसत होते. त्यांनी वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहून घरभर चिकटवल्या. दारावर: "खांदा नको. बोट पुरे." नळावर: "हा आता शहाणा झाला आहे." फाटकावर: "उचलू नये. जड नसले तरी." सातव्या पायरीची चिठ्ठी मात्र माईंनी स्वतः लिहिली आणि कठड्याला लावली. तीन दिवस मास्तर ती वाचून थांबायचे, पाय चाचपायचे आणि मग उतरायचे. चिठ्ठीशिवाय उतरून बघा, असं म्हणायची माईंची छाती झाली नाही.

चौथ्या दिवशी एजंट गिऱ्हाईक घेऊन आला, तोही अर्धा तास आधी. शिवणकामाचा कारखाना चालवणाऱ्या बाई होत्या. खाली मशिनी टाकायच्या आणि वर राहायचं असा त्यांचा बेत. गळ्यात टेप, आणि तोंडात एकच शब्द.

"हं," फाटक उघडून बाई म्हणाल्या.

ते कोपऱ्यावर दिसताच माईंनी घरभर पळत चिठ्ठ्या ओरबाडल्या होत्या, उशा सोडवून पलंगाखाली कोंबल्या होत्या. मास्तरांना वरच बसायला सांगितलं होतं. "मी हाक मारल्याशिवाय उतरायचं नाही. तुम्हाला माझी शपथ."

"हं," न्हाणीघराचं दार एका बोटाने ढकलून बाई म्हणाल्या. एजंटने बाजूला सरून ते दार दुरूनच पाहिलं. नळ झाला, बटणं झाली. माईंच्या मुठीत चिठ्ठ्यांचा चोळामोळा झाला होता.

"घराचे कागद?" बाईंनी विचारलं.

एजंटने उत्साहाने वर तोंड केलं. "मास्तर, कागद घेऊन येता का?"

मास्तर निघालेसुद्धा. शपथ माईंच्या हाकेची होती, एजंटच्या नव्हे. ते जिन्याच्या तोंडाशी दिसले. कागदांची जाडजूड फाइल त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. कठड्याला हात नाही. आणि कठड्यावरची चिठ्ठी माईंच्या मुठीत.

एक. दोन. तीन.

ओरडावं तर बाईंना कळणार की जिन्यात काहीतरी गडबड आहे. गप्प बसावं तर... चार. पाच. अकरा दिवसांतले तीनच उरले होते. सहा.

"सातवी!" माई किंचाळल्या.

मास्तरांचा पाय हवेतच थांबला. त्यांनी खाली पाहिलं, माईंकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि फाइल मांडीवर घेऊन सहाव्या पायरीवर बसले. मग ते बसल्या बसल्या घसरत, वर्गात शिरण्याच्या रुबाबात, एकेक पायरी उतरू लागले. धप्प, धप्प, सात वेळा. बाईंच्या पायांशी येऊन थांबले आणि फाइल पुढे केली.

"नमस्कार. कागद."

बाई पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलल्या. "सातवीला काय झालंय?"

एजंट मागून डोळ्यांनी खुणा करत होता. पण माईंच्या अंगात आता काही उरलं नव्हतं. मूठ उघडली आणि चिठ्ठ्या खाली पडल्या. बाईंनी वाकून वरची उचलली, उलगडली आणि मोठ्याने वाचली. "ही सातवी. थांबा. घाई नाही. मी खाली आहे."

मग माईंनीच सगळं सांगून टाकलं. कपाट, खांदा, फाटक, लेकीचे झोके, गुडघा, डॉक्टरांचं वाक्य. एजंट खिडकीबाहेर बघू लागला.

बाईंनी गळ्यातला टेप काढला. सहावी मोजली, सातवी मोजली, आठवी मोजली.

"पायरी तर बरोबर आहे."

"हो," माई म्हणाल्या.

"दार, फाटकही बरोबर."

"हो."

"जुना सदरा उसवून नीट शिवला की घालणाऱ्यालाच काचतो. म्हणजे खोट घरात नाही, तुमच्यात आहे."

माईंनी मान खाली घातली. "तसंच म्हणा."

"आणि जाताना ती तुम्ही बरोबर नेणार?"

"न्यावीच लागेल," जमिनीवरून मास्तर म्हणाले.

"मग घेते घर," बाई म्हणाल्या. "आधी ह्यांना उठवा."

महिना संपायच्या आत मुक्काम हलला. फ्लॅटमध्ये एकही पायरी नाही. माई अजूनही मास्तरांची पावलं मोजतात, पण कुठे थांबायचं ते कळत नाही.

पहिल्याच सकाळी नव्या न्हाणीघरातून मास्तर आले ते थेट लेकीच्या चहाच्या ट्रेवर. माईंनी जुन्या सुताराला बोलावून घेतलं. त्याने दार पुढेमागे करून पाहिलं.

"लोण्यासारखं आहे हो, माई. ह्याला काय करू?"

"तेच तर," माई आवाज खाली आणून म्हणाल्या. "थोडं अडकेल असं करून मिळेल का?"

सुताराने डोकं खाजवलं. "पावसाळा येऊ द्या. आपोआप फुगेल."

पावसाळ्याला अजून चार महिने आहेत. तोवर समोरच्या भिंतीला दोन उशा बांधलेल्या आहेत. कुणी विचारलंच, तर माई ठणकावून सांगतात, नव्या घरांत हल्ली अशीच पद्धत असते.