चित्रकार क्रमांक अकरा

मी एकदा ठरवलं की माघार नाही. बायको विमा कंपनीत आहे, दिवसभर बारीक अक्षरातल्या अटी वाचते, त्यामुळे माझ्या असल्या वाक्यांवर तिचा विश्वास नाही. पण त्या दिवशी मी खरंच ठरवलं होतं.

मी गेमसाठी चित्रं काढतो. नोकरी नाही, काम असेल तेवढं काम. एका कंपनीच्या गेममध्ये वाट चुकलेल्या खेळाडूला रस्ता दाखवणारी कंदीलवाली आजी आहे ना, ती माझी. तिचं पोक, तिचा तुटका दात, सगळं माझ्या डोक्यातून आलेलं. गेम तुफान चालला. माझ्या बाबांनी भिंग घेऊन गेमच्या शेवटी येणारी नावांची यादी दोनदा वाचली. यादीत ऑफिसच्या मांजराचं नाव होतं. हिशेबनिसाच्या तान्ह्या बाळाचं होतं. माझं नव्हतं.

"तू नक्की तिथलंच काम करतोस ना रे?" बाबांनी विचारलं. ते मला फार लागलं.

म्हणून दुसऱ्या भागाचं काम आलं तेव्हा मी कंपनीच्या साहेबांना खरमरीत पत्र धाडलं. यादीत नाव हवं, मोबदला दुप्पट हवा, मूळ चित्रांवर हक्क माझा. नाहीतर पेन्सिल खाली!

साहेबांचं उत्तर आलं, "कळवतो." मग दोन महिने चिडीचूप. मी रोज पेन्सिलींना टोक करून ठेवत होतो आणि बायको रोज विचारत होती, "कुणासाठी?"

अशात ताबडतोबचा फोन आला. हा कामं मिळवून देणारा दलाल. प्रत्येक वाक्यात ताबडतोब म्हणतो, म्हणून ते नाव. त्याच्याकडे कुणालाच नाव नसतं, नंबर असतो. मी अकरा.

"अकरा, काम आहे. एका गेमवाल्यांचा जुना चित्रकार डोक्यावर बसलाय. नाकानं कांदे सोलतोय. त्याच्यासारखी हुबेहूब चित्रं हवीत, ताबडतोब. पैसे पावपट."

"कोण हा चित्रकार?"

"नाव कुठे लिहिलंय? नमुने पाठवतो, बघ."

नमुने उघडले आणि मी खुर्चीत बसलो होतो तो नीट बसलो. कंदीलवाली आजी!

मला आधी राग आला, मग आनंद झाला, मग काहीच कळेना. माझ्या चित्रांवर माझं नाव नाही, म्हणून माझी नक्कल करायचं काम माझ्याचकडे आलं होतं, आणि तेही पावपट दरात. त्यांना रंगेहाथ पकडायचं म्हणून मी काम घेतलं, असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे घरभाडं थकलं होतं. ताबडतोबनं कंपनीच्या वतीनं करार पाठवला, मी ताबडतोब सही केली.

पहिली आजी काढून पाठवली. दुसऱ्या दिवशी ताबडतोबचा फोन.

"कंपनी म्हणते, मूळ माणसाच्या रेषेत जीव आहे. तुझी नक्कल कळून येते."

"अरे, पण..." मी थांबलो. पण काय सांगणार? मूळ माणूस मीच, आणि पावपटीत राबतोय?

मी जुनी चित्रं समोर ठेवून रेघ न् रेघ गिरवली. उत्तर आलं, "फारच गिरवल्यासारखं." मग न बघता काढलं. "हा कुणीतरी तिसराच वाटतो." माझा हात कसा चालायचा तेच मला आठवेना. पेन्सिल कशी धरायचो? वर धरायचो की खाली? चौथ्या वेळी बायको मागे येऊन उभी राहिली.

"तू असा कधी काढतच नाहीस," ती म्हणाली. "तू जीभ बाहेर काढून काढतोस."

मी जीभ बाहेर काढून पाचवी आजी काढली. ती माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखी दिसायला लागली. तीही परत आली. सोबत निरोप, "अकरा नंबरला सांगा, मूळ माणसाकडून काहीतरी शिक."

त्याच दुपारी साहेबांचा फोन आला. मला. म्हणजे मूळ मला.

"तुमच्यासारखं कुणाला जमत नाही हो. फार प्रयत्न करून पाहिला एकानं. तुमच्या सगळ्या अटी मान्य."

मी आधी बाबांना फोन केला, "भिंग पुसून ठेवा." मग बायकोला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तो अकरा नंबरचा करार दाखव बघू."

तिनं पाचवं कलम मोठ्यानं वाचलं. "सदर चित्रकार मूळ चित्रकाराच्या शैलीत पुढील तीन वर्षं अन्य कोणत्याही करारावर काम करणार नाही." कागद खाली ठेवून ती म्हणाली, "म्हणजे तू आता कुणासारखंही काढ. फक्त तुझ्यासारखं नको."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाबांचं भिंग माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि माझा धीर सुटला. मी करार उचलला, तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाचही आज्यांकडे.

"म्हणजे हे सगळं तुम्हीच? तुम्हाला तुमच्यासारखं काढता येत नाही?"

"येतं ना साहेब," मी म्हणालो. "पण पावपट पैशात पावच मी येतो."

साहेबांनी करार मागून घेतला. मग त्यांनी पाचवं कलम खोडलं आणि माझ्या अटींवर सही केली. दुसरा भाग आला. लगेच बाबांचा फोन आला.

"दिसलं रे तुझं नाव. मांजराच्या बरंच वर आहे." मग म्हणाले, "पण अगदी खाली एक ओळ आहे. 'प्रयत्न: चित्रकार क्रमांक अकरा.' हा कोण?"

ही ताबडतोबची करामत होती. कंपनीशी झालेल्या त्याच्या करारात नंबराचा उल्लेख बंधनकारक होता म्हणे.

"आहे एक," मी पुटपुटलो.

"त्या बिचाऱ्याचं नाव नाही घातलं? पैसे तरी मिळाले का त्याला?"

"नाही. पाचही चित्रं नापसंत झाली त्याची."

"मग तू गप्प कसा बसलास?" बाबा चिडले. "स्वतःचं नाव आलं, झालं? तुझ्यासारख्यानं त्याच्यासाठी भांडायला नको?"

तेव्हापासून मी अकरा नंबरसाठी पत्र लिहितोय. चार वेळा लिहून झालं. पण शेवटी सही कुणाची करायची, तिथेच अडतं.