धोंडिबा ऑपरेटरनं न दाखवलेलं रीळ

धोंडिबा ऑपरेटरच्या तंबूत कुठल्याच पोरानं कधी मार खाल्ला नाही. पडद्यावर बापाचा हात लेकरावर उठला की धोंडिबा मशीनच्या भिंगापुढे आपला पंजा धरायचा. पडदा काळाकुट्ट! लोक शिट्ट्या मारायचे, आयमाय उद्धरायचे. हा ढिम्म. मोठ्यांच्या मारामारीला मात्र त्याची हरकत नव्हती. "थोरानं थोराला खुशाल बदडावं. लेकराला न्हाई. मशीन माझ्या हातात हाय, कायदाबी माझाच."

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. आमचा फिरता तंबू पालम, पेडगाव करत चुडाव्याला आला होता. मी तिकिटं फाडायचो आणि धोंडिबाच्या हाताखाली मशीन शिकायचो. बायका पडद्याच्या मागच्या अंगाला बसत, त्यामुळं त्यांना सगळं उलटं दिसे. सगळे राजेमहाराजे डावखुरे असतात, अशी आमच्या भागातल्या बायकांची पक्की समजूत होती.

सिनेमाचे डबे रेल्वेनं येत. डबा आला की धोंडिबा सकाळीच प्रत्येक रीळ उजेडाला धरून बघून घ्यायचा. त्या खेपेला आम्ही गावभर हनुमंताच्या सिनेमाची दवंडी दिली आणि डब्यातून निघाला भलताच सिनेमा. शाळेच्या गुरुजींनी अक्षरं बघून सांगितलं, "हा फ्रान्स देशाचा आहे." गाणं नाही, लढाई नाही. डोंगर, गवताच्या गंजी, ओढा, आणि दिवसभर हुंदडणारं एक पोरगं.

तंबूचे मालक शेठ कपाळाला हात लावून बसले. "बंद ठेव आज. लोक तंबू पेटवतील."

"का म्हून बंद? शेठ, गाई हायत, ओढा हाय, लेकरू हाय. अजून काय पायजे? दुनियेत लंकाच जळायला पायजे का दरवेळी?"

आणि त्यानं दवंडीचा भोंगा उचलला. मशीनपाशी उभा राहून त्यानं सगळ्या फ्रान्सला मराठीत बोलतं केलं. पोराचं नाव ठेवलं बाळू. आई दारात आली की भोंगा गरजायचा, "आरं बाळ्या, भाकर निवायली, ये की मुडद्या!" सायकलवरचा पोस्टमन त्यानं तलाठी करून टाकला.

"म्हातारी टोपी घालून फिरायली व्हय?" पुढून कुणीतरी ओरडलं.

"तिकडं ऊन लय हाय! तू गप बस."

पडद्यामागून एक बाई म्हणाली, "त्या पोराला आंघोळ तरी घाला म्हणावं!"

"घालायलेत बाई, पुढच्या रिळात घालायलेत. दम खा!"

हनुमंताला लोक विसरले. "बाळू जेवला, झोपला, खेळ खतम," असं म्हणून धोंडिबानं दिवा लावला, तेव्हा बायका डोळे पुसत उठल्या.

दुसऱ्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून गाड्या जुंपून माणसं आली. पण गुरुजींनी डब्यांवरचे आकडे बघून गावात सांगून ठेवलं होतं, की एक रीळ दाखवायचं राहिलं आहे. खेळ खतम म्हणताच लोक उठेनात. "शेवट दावा! पैसे मोजलेत!"

धोंडिबा त्या रिळाच्या डब्यावर जाऊन बसला. "न्हाई लावत. पोरगं घरी हाय. घरीच ऱ्हाईल."

"लाव, न्हाईतर उद्यापासून तोंड दाखवू नको," शेठ म्हणाले.

"न्हाई दावत जा!"

शेठनं लोकांपुढं हात जोडले. "दारू पिऊन बसलाय हो तो." लोकांनी मला विचारलं, "खरं का रे माधव?" मी होय म्हणून मान हलवली. उद्यापासून मशीन माझ्या हाती येणार, हे मला कळलं होतं.

तीच गोष्ट आजही चुडाव्यात सांगतात. बेवडा धोंडिबा म्हणतात. तर ऐका. त्या माणसानं जन्मात थेंब घेतला नव्हता. शेठ खोटं बोलले आणि मी त्याहून खोटं बोललो. ज्यांना आता हे पटणार नाही, त्यांनी खुशाल मला बेवडा म्हणावं.

तंबू रिकामा झाल्यावर धोंडिबा डब्यावरून उठला. माझ्यावर रागावलाही नाही. "माधवा, लाव आता. मला बघायचंय."

मी रीळ चढवलं. पडद्यावर स्टेशन आलं. बाप बाळूला शहरातल्या शाळेत धाडत होता. पोरगं गाडीच्या खिडकीत, बाप खाली.

रझाकारांच्या धामधुमीत धोंडिबानंही आपलं बिनआईचं पोरगं याच चुडाव्याच्या स्टेशनावरून मेव्हण्याबरोबर सोलापूरकडं धाडलं होतं. वर्षभरानं निजामाचं राज्य गेलं, वाट मोकळी झाली, तेव्हा हा त्याला आणायला गेला. पोरगं मामाच्या धोतरामागं लपलं. मामालाच बाबा म्हणत होतं. हा तसाच परत आला.

पडद्यावरचा बाप खिडकीपाशी काहीतरी बोलत होता. दोन दिवस गाईंनासुद्धा बोलायला लावणारा धोंडिबा भोंगा मांडीवर धरून बसला होता. मला राहवेना.

"काका, बाप काय म्हणायलाय?"

गाडी हलली. बाप तिच्याबरोबर चालू लागला.

"म्हणायलाय," धोंडिबा हळूच म्हणाला, "आठ रोजात न्यायला येतो."