सातवा खटका

एसी भिंतीवर बसला होता, पण चालणार कशावर, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशी कंपनीची दोन माणसं आली. त्यांनी आईच्या खोलीत आतलं यंत्र टांगलं, गॅलरीत बाहेरचं यंत्र बसवलं, दोघांच्या मध्ये तांब्याची नळी टाकली आणि वायरीचं टोक तसंच लोंबतं ठेवलं. "पॉइंट तुमचा तुम्ही करून घ्या," जाता जाता एकानं सांगितलं. "मेन बोर्डापासून थेट वेगळी लाइन लागेल. दुसऱ्या कशातून काढलीत आणि काही झालं, तर आमची जबाबदारी नाही." हे शेवटचं वाक्य घरच्या मुलानं रात्रभर मनात घोळवलं होतं.

मुलगा म्हणजे वय वर्षं अठ्ठेचाळीस. कुलूप लावून ते तीनदा ओढून बघणारा आणि गॅस बंद केलाय का हे पाहायला बसस्टॉपवरून परत येणारा. बायकोनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याचं नाव 'काळजीवाहू' ठेवलं होतं, आणि आता ऑफिसातही ते चालत होतं.

आजची काळजी मात्र खरी होती. आई तीन आठवड्यांनी हॉस्पिटलमधून संध्याकाळी पाचला घरी यायची होती. "हा उन्हाळा त्यांच्या हृदयाला सोसणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "खोली गार ठेवा. नाहीतर आठ दिवसांत पुन्हा इथंच भेटू." बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, आणि आईच्या खोलीत दुपारी बाराला उभं राहवत नव्हतं.

पाचच्या आत लाइन ओढायची हे एक संकट, आणि अण्णांना कळू न देता ओढायची हे दुसरं. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, शाळेत चित्रकला शिकवत. पण तीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा एक पुस्तक आणून, ते दोनदा वाचून, घराचं सगळं वायरिंग त्यांनी स्वतः केलं होतं. बोळातल्या बोर्डाला तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. बोर्डावर नऊ खटके होते, आणि प्रत्येकाखाली अण्णांच्या रेखीव अक्षरात चिठ्ठी होती. हॉल. स्वयंपाकघर. पंप. सातव्या खटक्याखाली लाल शाईत लिहिलं होतं, 'हात लावू नये'.

अण्णा सकाळीच आईकडे हॉस्पिटलात गेले. त्यांची पाठ वळताच वायरमनला बोलावणं गेलं. वायरमन आला, त्यानं बोर्ड पाहिला आणि डोकं खाजवलं.

"साहेब, जागाच नाहीये. आठ खटके तर वापरात दिसतात. हा सातवा कशाचा?"

"माहीत नाही."

"वहिनी, तुम्हाला?"

"मला सासरी आल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, की याला हात लावायचा नाही," बायको म्हणाली. "मी नाही लावला."

"मग बंद करून बघू. जे बंद पडेल, ते त्याचं."

"थांबा, थांबा!" काळजीवाहू पुढं झाला. पण तोवर वायरमननं खटका खाली पाडलाही होता.

काहीच झालं नाही. बोळातला दिवा जळत होता. फ्रीज घुरघुरत होता. हॉलमधला पंखा फिरत होता.

"काहीच नाही गेलं," वायरमन खुशीत म्हणाला.

"असं कसं? काहीतरी गेलंच असणार. आपल्याला कळलेलं नाही, एवढंच." काळजीवाहूच्या तोंडचं पाणी पळालं. दिवा गेला असता तर त्याला बरं वाटलं असतं. अण्णा उगाच काही लिहिणाऱ्यातले नव्हते. ज्या अर्थी लाल शाई वापरली, त्या अर्थी घरात कुठंतरी, काहीतरी, अतिशय महत्त्वाचं असं आत्ता बंद पडलं होतं.

मग शोध सुरू झाला. पंप चालू, गिझर चालू, फाटकावरचा दिवा चालू. दाराची बेल वाजेना. "सापडलं!" तो ओरडला. "अहो, तिचा सेल संपलाय," बायको म्हणाली. "दोन महिने झाले सांगतेय." मग त्याला वाटलं, कुणी सांगावं, शेजारी एखादी वायर गेली असेल. तो धावत शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे गेला.

"बाई, तुमच्याकडे काही बंद पडलंय का हो? आत्ता, पाच मिनिटांत?"

बाई गंभीर झाल्या. त्यांनी घरभर हिंडून बारकाईनं तपासणी केली. "भिंतीवरचं घड्याळ बंद आहे," त्या म्हणाल्या. "मिक्सरही फिरत नाही. तुम्ही नेमकं काय केलंत?"

घड्याळ सेलवर चालत होतं आणि मिक्सरचं झाकण नीट बसलं नव्हतं, हे नंतर कळलं. पण तोवर बाईंनी समोरच्यांना हाक मारली होती, समोरच्यांनी त्यांच्या पलीकडच्यांना. अर्ध्या तासात काळजीवाहूच्या दारात तिघं उभी होती. एकाची इस्त्री तापत नव्हती, एकीच्या टीव्हीला आवाज येत नव्हता, आणि एक आजोबा लांबचं ऐकायला येत नाही म्हणून आपलं कानाचं यंत्र घेऊन आले होते.

"सगळ्यांचं करून देतो," वायरमन म्हणाला. त्याला एका दिवसात इतकं गिऱ्हाईक कधी मिळालं नव्हतं.

"आधी आमचं करा!" बायको कडाडली. "अडीच वाजले. पाचला आई येणार आहेत."

काळजीवाहूला राहवेना. त्यानं अण्णांना फोन लावला.

"अण्णा, कितपत आलंय तिकडचं?"

"कागदपत्रं चाललीत. का रे?"

"काही नाही, सहज. आपल्या बोर्डावर तो सातवा खटका आहे ना..."

"त्याचं काय?"

"काही नाही. अक्षर सुरेख आलंय तुमचं, एवढंच म्हणायचं होतं."

"अक्षर? तीस वर्षांनी?" अण्णांचा आवाज चिरकला. "कुणी हात लावलाय का त्याला?"

"छे! हात कोण लावेल?"

"मी निघालोच," अण्णा म्हणाले आणि फोन बंद झाला.

आता काळजीवाहूचं धाबं दणाणलं. वायरमननं मेन बंद करून बोर्डाचं झाकण काढलं. सातव्या खटक्यातून एक जुनी बारीक वायर निघून भिंतीतल्या पाइपात शिरत होती.

"ही कुठंतरी निघत असणार," तो म्हणाला. "टोक सापडलं तर काम फत्ते. या वायरीला नवी जाड वायर बांधायची आणि तिकडून ओढून घ्यायची. भिंत फोडायलाच नको. मी ओढतो, तुम्ही कान द्या. कुठं खसखसतंय बघा."

वायरमन वायर मागंपुढं करू लागला, आणि घरातली माणसं भिंतींना कान लावून उभी राहिली. बायको स्वयंपाकघरात, मुख्याध्यापिकाबाई हॉलमध्ये, काळजीवाहू बोळात. आजोबांनीही एक भिंत धरली होती, पण त्यांचं यंत्र अजून दुरुस्त व्हायचं होतं.

"इथं! इथं!" स्वयंपाकघरातून आईच्या खोलीत सरकलेली बायको एकाएकी ओरडली. "कपाटामागं उंदीर फिरल्यासारखं वाजतंय!"

सागवानी कपाट हलवायला चौघं लागली. मागं भिंतीत रंगाच्या चार थरांखाली बुजलेलं एक चौकोनी झाकण होतं. वायरमननं ते खरवडून उघडलं. आत काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेलं वायरीचं टोक निघालं. एसीपासून जेमतेम दोन हात अंतरावर.

"हे तीस वर्षं चालू होतं?" काळजीवाहूनं विचारलं.

"जिवंत होतं, साहेब. पट्टी सुटली असती तर कपाटासकट..." वायरमननं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

जुनी वायर बाहेर आली, तिच्यामागून नवी आली, सोबत अर्थिंगचीही आली. सातव्या जागी नवा, मोठा खटका बसला. लाल शाईची चिठ्ठी काळजीवाहूनं नखानं हळूच सोलून काढली. पावणेचारला मेन चालू झाला, एसीवर हिरवा दिवा लागला आणि खोलीत पहिली गार झुळूक आली. बायकोनं हुश्श केलं. त्याच क्षणी फाटकाशी टॅक्सी थांबली; अण्णा आईला तासभर आधीच घेऊन आले होते.

बायको आईला हाताला धरून हळूहळू तिच्या खोलीत घेऊन गेली. अण्णा मात्र चपला न काढता थेट बोर्डापाशी आले आणि तिथंच खिळले. काळजीवाहू त्यांच्या मागं, मान खाली घालून, दहावीचा निकाल हातात असल्यासारखा उभा होता.

"काय बंद पडलं?" अण्णांनी खालच्या आवाजात विचारलं.

"काहीच नाही."

"नीट बघितलंत?"

"सगळ्या गल्लीनं बघितलं, अण्णा."

अण्णा चपलांच्या स्टुलावर मटकन बसले. त्यांना घाम फुटला होता, पण चेहरा कसा सैल पडत चालला होता. इकडंतिकडं पाहून त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

"तुला म्हणून सांगतो. वीज मंडळाची तपासणी दुसऱ्या दिवशी होती. सगळं जोडून झालं आणि एक वायर उरली. कुठं जाते ते काही केल्या आठवेना. तशीच कशी ठेवणार? जोडली सातव्याला आणि लिहून टाकलं."

"पण तीस वर्षं?"

"रोज ठरवायचो, आज छडा लावू. मग वाटायचं, लावला आणि काही पेटलं तर? लग्नकार्याला गेलो तरी डोक्यात सातवाच. तुला काय कळणार काळजी म्हणजे काय असते!"

काळजीवाहूनं आयुष्यात प्रथमच वडिलांकडे जवळून पाहिलं. घर आपल्याला वडिलोपार्जित मिळालंय हे त्याला माहीत होतं. घराबरोबर आणखीही काही मिळालंय हे आज कळत होतं. त्याला हसू आलं.

"अण्णा," तो म्हणाला, "ती वायर आईच्या खोलीत निघाली. ती नसती तर आज भिंत फोडावी लागली असती, आणि खोली काही पाचला तयार झाली नसती. पुढंमागं लागेल म्हणून तुम्हीच सोडून ठेवली असणार. विसरला असाल."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वायरमनकडे.

"दूरदृष्टी आहे, काका," वायरमन पक्कड पुसत म्हणाला. "हल्ली कोण करतंय एवढा विचार?"

अण्णा उठले. त्यांनी घाम पुसला, सदरा नीट केला आणि ते आईच्या खोलीत गेले. आई उशीला टेकून, डोळे मिटून बसली होती. तिचा श्वास संथ चालला होता.

"बरं वाटतंय ना?" अण्णांनी विचारलं. "तीस वर्षांपूर्वीच तुझ्या खोलीसाठी खास वायर घालून ठेवली होती मी."

आईनं डोळे उघडले. सरकवलेलं कपाट पाहिलं. खरवडलेली भिंत पाहिली.

"इथं निघाली?"

"बरोबर तिथंच."

"म्हणजे हा माझा टेबलफॅनचा प्लग," आई म्हणाली. "घर बांधताना मी तुमच्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती. पलंगाशेजारी पंख्याला एक प्लग. तुम्ही म्हणालात, 'केलाय, बघ नीट.' अहो, तीस उन्हाळे झाले, मी बघतेच आहे."

बायकोनं तोंडाला पदर लावला. अण्णा बोळात आले. वायरमन पिशवी आवरत होता.

"अहो," अण्णा त्याला अगदी हळू म्हणाले, "तिच्या पलंगाजवळच्या दिव्यावरून एक साधा प्लग निघेल का? आत्ता. मी इथंच उभा राहतो."