इन म्हणजे आत, आणि कॅमेरा म्हणजे कॅमेरा

शब्दाचा अर्थ विचारावा तर जोह्यात मलाच! छत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी माझ्या ओटीवर मुलांचा शब्दांचा वर्ग भरतो. 'माहीत नाही' हे दोन शब्द यंदापर्यंत या तोंडातून कधी बाहेर पडले नव्हते. आणि मंडळी, तीच तर सगळी भानगड झाली.

आमचं जोहे म्हणजे गणपतींचं गाव. घरटी कारखाना. माझ्या घरामागे सरूचा कारखाना आहे. सरू माझी जुनी विद्यार्थिनी, डोळ्यांच्या आखणीत तिचा हात धरणारं कोणी नाही. तिने बुबुळ टेकवलं की मूर्ती आपल्याला ओळखतेय असंच वाटतं. पण यंदा चारशे गणपती फळ्यांवर रंगून बसले होते आणि एकालाही डोळे नव्हते! पाठवणी तोंडावर आलेली.

कारण रितेश. हाही माझाच विद्यार्थी, सरूच्या समोर गल्लीपलीकडे राहतो. डोळवीला कंपनीत कंत्राटी कामावर असतो. शिफ्टला गेल्यावर घर बंद राहतं म्हणून त्याने भिंतीवर कॅमेरा लावला. आवाजसुद्धा टिपणारा! त्याचं तोंड थेट सरूच्या खिडकीत.

"रितेश, कॅमेरा फिरव रं," सरू म्हणाली.

"माझी भिंत, माझा कॅमेरा! गल्ली दिसते, नि माझी मोटरसायकल. तुझ्याकडं कोण बघतंय?"

"मग माझा हात का हलतो?"

"तो डाक्टरला विचार!"

सरू माझ्याकडे आली. "गुरुजी, खिडकी लावली तर उजेड नाय. उघडली तर तो डोळा. आखणी करताना मी आयशी बोलते वो. तिनंच हात धरून शिकवलं ना. ती जाऊन सहा वर्षं झाली, पण कुंचला उचलला की शेजारी येऊन बसते. आता ती येतच नाय. कुणी बघत असलं की येत नाय."

एवढं ऐकल्यावर मी गप्प बसणार? रोह्याच्या नमिता वकिलीणबाईंना गाठलं आणि पेणच्या कोर्टात दावा लावला. पहिल्या तारखेला न्यायाधीशबाईंनी रितेशला सांगितलं, "रेकॉर्डिंग घेऊन या. काय दिसतं ते आम्ही पाहू."

दरम्यान सरूने मला एक काम दिलं होतं. दुपारी ती आणि कारागीर जेवायला गेले की कारखान्यावर लक्ष ठेवायचं. मला ती वेळ फार आवडे. खिडकीतून उन्हाची तिरपी फळी आत उतरायची आणि तिच्यात रंगाची पूड तरंगत राहायची. सगळीकडे ओल्या मातीचा वास. रांगेने बसलेले चारशे जण इतके शांत, की ढगांनीच मांडी घातल्यासारखं वाटे. आपण जागे आहोत की पेंगतोय, ते कळायचं नाही. मी तिथे नक्की काय लक्ष ठेवत होतो, ते पुढे येईलच. दुर्दैवाने!

तारखेच्या आदल्या दिवशी सरू धावत ओटीवर आली. मुलं समोरच होती.

"गुरुजी, वकीलबाईंचा फोन आलता. म्हणतात, रेकॉर्डिंग बघायचं ते इन कॅमेरा घ्यायचा अर्ज करू. म्हंजे काय वो?"

तिसरीतली किमया पाटी बाजूला ठेवून माझ्याकडे बघू लागली. सगळा वर्ग बघू लागला. मी घसा साफ केला.

"सोपं आहे! इन म्हणजे आत. आणि कॅमेरा म्हणजे कॅमेरा. सगळी सुनावणी कॅमेऱ्याच्या आत घेणार!"

सरू मटकन खाली बसली. "एक कॅमेरा काढायला कोर्टात गेले, तर कोर्ट दुसरा लावतंय व्हय?"

"वकीलबाईंना एकदा विचारायचं का?" किमया म्हणाली.

"कशाला? मी आहे ना!"

वळणदार अक्षरात मी स्वतः अर्ज लिहिला. 'मला इन कॅमेरा सुनावणी मुळीच मान्य नाही. जे काही पाहायचे ते खुल्या न्यायालयात, सर्वांसमक्ष पाहावे, ही नम्र विनंती.' नम्र शब्दाखाली रेघसुद्धा मारली. सरूने सही केली.

दुसऱ्या दिवशी अर्धं जोहे पेणला लोटलं. 'सर्वांसमक्ष' म्हटल्यावर सर्व नकोत का? नमिताबाईंची एसटी मात्र रामवाडीजवळ वाहनांच्या रांगेत अडकली होती. नेमका तेव्हाच आमचा पुकारा झाला.

न्यायाधीशबाईंनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून सरूकडे पाहिलं. "हे तुम्ही विचार करून लिहिलंय?"

सरूने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. जोरात!

"ठीक आहे. लावा."

पडद्यावर आधी गल्ली दिसली, मग मोटरसायकल, आणि त्यापलीकडे खिडकीतून सरूचा अख्खा कारखाना! वेळ दुपारी एक. सरूची जागा रिकामी होती. मी मनात म्हटलं, झालं, रितेश उघडा पडला!

तेवढ्यात खिडकीत एक म्हातारा आला. धोतर, टोपी, हातात फूटपट्टी. ओळखीचा वाटला.

"बसा, बसा," म्हातारा चारशे गणपतींना म्हणाला. "आज हजेरी आधी घेऊ."

माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, याचा मला आयुष्यभर अभिमान होता. तो त्या दिवशी संपला. गल्ली ओलांडून शब्दन् शब्द टिपला गेला होता!

"काशी! हजर. मोरू! आजही उशीर? बरं, बस. अनिता, सोंड सरळ. छान!" मग म्हातारा सातचा पाढा म्हणू लागला आणि सात नव्वे त्रेसष्टला त्याने चक्क एक गिरकी घेतली!

कोर्ट खदखदू लागलं. शिपायाने तोंडावर फाईल धरली. मागून आमच्या गावच्या बायजाबाई ओरडल्या, "गुरुजी, घरी तर पाय दुखतात म्हणता!"

पडद्यावरचा म्हातारा पहिल्या रांगेतल्या एका मूर्तीपुढे थांबला. "रितेश. तू हुशार आहेस बाळा. पण दुसऱ्याच्या वहीत बघायची सवय सोड. तुला स्वतःचं येतं. मला माहीत आहे ना, तुला येतं." आणि त्याने त्या मूर्तीचा गाल हळूच थोपटला.

हशा थांबला. रितेश खाली मान घालून बसला होता. कान लालभडक.

माझं भान सुटलं. मी उभा राहून ओरडलो, "बाईसाहेब, बंद करा हो! हे माझं खाजगी आहे! कोणी बघत नाही म्हणून तर मी..."

न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, अर्जदार बाईंचं म्हणणं याहून वेगळं आहे का?"

मी खाली बसलो.

एवढ्यात नमिताबाई धापा टाकत आत आल्या. "बाईसाहेब, इन कॅमेरा..." पडदा पाहून त्या तिथेच थबकल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "गुरुजी, इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड! बाहेरचं कोणी नाही. जुन्या भाषेत कॅमेरा म्हणजे खोली!"

खोली. छत्तीस वर्षं!

पुढचं रेकॉर्डिंग, ज्यात सरू आईला हाका मारत असणार, ते कोणालाच बघावं लागलं नाही. बंद दाराआडसुद्धा नाही. रितेश उभा राहिला. "बाईसाहेब, मी कॅमेरा आजच फिरवतो. रेकॉर्डिंग पुसतो. लिहून घ्या." मग माझ्याकडे वळला. "गुरुजी, माझा पहिल्या रांगेत नंबर लावला व्हय?"

"तू नजरेसमोर बरा," मी म्हणालो.

सरूची आई त्याच संध्याकाळी परत आली असावी. कारण नवव्या दिवशी चारशेही मूर्तींची आखणी झाली.

"या गुरुजी," सरूने मला बोलावलं. "भरवा वर्ग. आता कोणी बघत नाय."

उन्हाची फळी जागेवर होती. मी फूटपट्टी घेऊन आत शिरलो, घसा साफ केला आणि मान वर केली. पहिल्या रांगेतल्या त्या एकाची नजर किंचित शेजारच्या मूर्तीकडे वळलेली होती.

"सरू! हा रितेश अजून दुसऱ्याच्या वहीत बघतोय गो!"

"बघू द्या, मुद्दाम काढलाय. बाकीचे तीनशे नव्याण्णव तुमच्याकडंच बघतात ना!"

बघत होते खरे. टक लावून. मी फूटपट्टी पाठीमागे लपवली, हजेरी न घेताच वर्ग सोडला आणि मागच्या दाराने घरी आलो.

ओटीवर किमया पाटी घेऊन बसली होती. "गुरुजी, इन कॅमेराचा खरा अर्थ काय?"

"माहीत नाही," मी म्हणालो. आणि आत जाऊन दार लावून घेतलं.