अर्फाचे त्रेचाळीस गुरू

सोनजाईवाडीत अर्ज भरायचं केंद्र माझं एकट्याचंच. त्यामुळे गावात काय घडलं यापेक्षा काय घडल्याचं लिहून दिलं गेलं, हे मला जास्त नीट ठाऊक असतं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, हयातीचा दाखला, सगळं या मल्हारच्या हातून जातं. मी स्वतःच्या मनाने खोटं कधी लिहीत नाही. समोरचा जे सांगेल तेच लिहितो, आणि सरकारदरबारी यालाच चोख काम म्हणतात.

मार्चमधल्या एका सोमवारी अर्फा मुलाणी केंद्रावर आली. वय वर्षे एकवीस, चालण्याच्या शर्यतीत परदेशातून रौप्यपदक आणलेली आमच्या गावची पोरगी. ही शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्या माहितीसाठी सांगतो. हिच्यात जीव तोडून चालायचं असतं, पण पळायचं नसतं. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही उचलले की पंच लाल कार्ड लिहितात आणि तीन कार्डं झाली की खेळाडू बाद. एवढा जोर लावून न पळण्याची पद्धत मी याआधी फक्त सरकारी फायलीत पाहिली होती.

राष्ट्रीय क्रीडा सन्मानासाठी अर्फाची शिफारस झाली होती. हे सन्मान तीन असतात: एक खेळाडूला, एक त्याच्या गुरूला आणि एक खेळाला उत्तेजन देणाऱ्या प्रवर्तकाला. तिच्या अर्जात सातवी चौकट होती, ‘गुरूचे नाव (एकच लिहावे)’. चौकटीवर लाल चांदणी होती, म्हणजे रिकामी सोडता येत नाही.

“मल्हारभाऊ, लिहा, बादशहा मणेर,” ती म्हणाली. “माझं नाव एक वेळ चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. बादशहाचाचा म्हणजे आमच्या गावचे बांगड्या भरणारे, वय एकाहत्तर. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढे रहिमतपूरला जायचं, सात किलोमीटर. अर्फाची आई शाझिया शिलाई मशीनवर बसलेली, पोरीला सोडायला कोणी नाही. शेजारचे चाचा डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन रोज त्याच वाटेने फेरीला निघायचे, त्यांच्यामागे ती चालायची. काही दिवसांनी चाचांनी तिच्या डोक्यावरही एक लहान पाटी दिली. बांगडीवाला कितीही घाईत असला तरी पळत नाही, पळाला की काच फुटते. चाचा पुढे बघत चालायचे आणि कान मागे ठेवायचे. पाटीतला आवाज एकसारखा आला तर ठीक. खळ्ळकन वाजला की मागे वळून न बघता म्हणायचे, “पाय उचलला, बेटा.” आठ वर्षं हे चाललं. पुढे पुण्याला एका पंचाने तिची चाल बघून विचारलं, कुठल्या अकादमीची, तर ही म्हणाली, बांगड्यांच्या.

मी नाव लिहिलं. अर्हता या रकान्यात ‘बांगड्या’ आणि साहित्य या रकान्यात ‘काच, बारा डझन’ असं भरलं. संगणकाने मुकाट्याने घेतलं. चूक तिथे झाली नाही. नियमाप्रमाणे गुरूचं नाव जाहीर करून पंधरा दिवस हरकती मागवायच्या असतात. ते नाव जाहीर झालं आणि गुरूलाही दिल्लीत बोलावून मान देतात ही बातमी गावाला त्याच दिवशी कळली.

पहिले आले हंबीरराव. पंचवीस एकर ऊस, दोन ट्रॅक्टर आणि न बांधलेलं एक कुत्रं.

“मल्हारा, पोरगी रोज कुणाच्या बांधावरनं जायची?” त्यांनी विचारलं. “माझ्या. मागं कुत्रं कुणाचं लागायचं? माझं. पळाली असती तर चावलं असतं, म्हणून ती चालायची. आता तूच सांग, ट्रेनिंग कुणाचं?”

तर्कात मला खोट सापडेना. मी हरकत भरली. गुरू म्हणून त्यांचं नाव घातलं, सहायक गुरू म्हणून कुत्र्याचं घालता आलं नाही, कारण कुत्र्याचं आधार कार्ड नव्हतं.

मग ग्रामपंचायत सदस्या विजयमालाताई आल्या. नळयोजनेसाठी त्यांनी गावचा रस्ता उकरून घेतला होता, त्याला चार वर्षं झाली. एवढ्या काळात त्यावरून एकही वाहन गेलं नाही, म्हणजे चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग तयार झाला, असं त्यांचं म्हणणं. रहिमतपूरच्या शाळेचे यशराज सर आले. ते खेळाच्या तासाला गणित घ्यायचे, पण अर्फा उशिरा आली की तिला वर्गाबाहेर उभी करायचे, आणि चालण्याचा पाया उभं राहण्यातच असतो. फाट्यावरच्या बसचे कंडक्टर तर मूळचे पलूसचे, रजा टाकून आले. हात केला तरी त्यांनी बस थांबवली नव्हती, एकदाही नाही. इतकं सातत्य कुठल्या प्रशिक्षकात असतं, असा त्यांचा सवाल होता. धोंडुबाई बिचाऱ्या पेन्शनचं विचारायला आल्या होत्या. वाटेत पोरीला पाणी दिल्याचं सहज बोलल्या, तर रांगेतल्यांनीच त्यांना ‘आहारतज्ज्ञ’ करून टाकलं.

पंधरा दिवसांत बेचाळीस हरकती झाल्या. चाचा धरून गुरू त्रेचाळीस. गुरूने किमान दोनशे चाळीस दिवस शिकवलेलं असावं, अशी अट होती. एकाला जास्त, एकाला कमी नको, उगाच गावात भांडणं नकोत, म्हणून मी सगळ्यांना सारखे दोनशे चाळीस भरले. माझ्या आजवरच्या कामातला हा सगळ्यात न्याय्य निर्णय होता आणि त्यानेच घात केला.

कारण वरच्या कार्यालयातल्या संगणकाने बेरीज केली. दहा हजार तीनशे वीस दिवस, म्हणजे अठ्ठावीस वर्षं तीन महिने. लगेच अर्फाच्या नावाने पत्र आलं की, आपले प्रशिक्षण आपल्या जन्माच्या सात वर्षे आधी सुरू झाल्याचे निदर्शनास आले आहे, सबब आपण वय लपवले असावे असा संशय येतो. एकतीस तारखेपर्यंत गुरू निश्चित न झाल्यास खेळाडू व गुरू दोघांचेही अर्ज बंद करण्यात येतील.

अर्फा ते पत्र घेऊन केंद्रावर आली तेव्हा मला तोंड लपवायला जागा नव्हती. तिला राग सन्मान जाण्याचा नव्हता. चाचांना आयुष्यभर लोकांच्या दारात ‘कोण आहे?’ एवढंच ऐकावं लागलं होतं. एकदा तरी कोणीतरी माइकवरून त्यांचं पूर्ण नाव घ्यावं, एवढं एकच तिला हवं होतं. मला मनापासून वाईट वाटलं. तरीसुद्धा एकेचाळीस क्रमांकाची हरकत माझीच आहे, हे मी तिला सांगितलं नाही. तिचे निकाल माझ्या प्रिंटरवर निघाले होते, या नात्याने मी ‘तंत्रज्ञान प्रशिक्षक’ म्हणून नाव घातलं होतं.

पडताळणीला ऋषिराज साहेब आले. मूळ गाव कोयनानगर. पायाखालची जमीन हलली तरी चहाचा कप न ठेवणारी ही माणसं. शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी ठेवली. बेचाळीस गुरू खुर्च्यांवर आणि शिष्या दाराशी उभी, कारण खुर्च्या संपल्या. चाचाही उभेच होते, पाटी खाली ठेवून. कोणीतरी त्यांना विचारलं, आज इकडे कशी फेरी?

साहेबांनी शांतपणे बेचाळीस जणांचं ऐकून घेतलं. हंबीररावांनी कुत्रंही दाखवायला आणलं होतं. शेवटी साहेब म्हणाले की सगळ्यांचे पुरावे सारख्याच तोलाचे आहेत, तेव्हा प्रकरण वर पाठवावं लागेल. वर पाठवणं म्हणजे एकतीस तारीख उलटणं, हे हॉलमधल्या लहान पोरालाही कळत होतं.

तेवढ्यात अर्फाने हात वर केला.

“साहेब, दोन वर्षांपूर्वी राष्ट्रीय स्पर्धेत मी बाद झाले होते. शेवटचे चारशे मीटर राहिले होते आणि तिसरं लाल कार्ड आलं. तेव्हाचा गुरू कोण, तेही लिहून घ्या ना.”

साहेबांनी कप खाली ठेवला. नियमावली काढली, पानं उलटली आणि एकोणिसावं कलम मोठ्याने वाचलं. खेळाडूच्या अपयशाचा लेखी खुलासा गुरूने स्वतःच्या सहीने द्यावा, खुलासा असमाधानकारक वाटल्यास पुढील कारवाई होईल. मग कोरे कागद वाटायला घेतले.



हंबीररावांनी घसा खाकरला. त्या साली कुत्रं आजारी हुतं, म्हणाले, महिनाभर उठलंच न्हाई. विजयमालाताई म्हणाल्या, त्या महिन्यात नेमका रस्ता दुरुस्त झाला होता. साहेबांनी विचारलं, मग आता उकरलेला कसा? तर म्हणाल्या, परत उकरला. यशराज सरांना आठवलं की अर्फा तोवर शाळा सोडून गेली होती, म्हणजे त्यांचा संबंध कागदोपत्रीही उरत नाही. कंडक्टर तर कळवळून उभे राहिले.

“साहेब, खोटं कशाला बोलू,” ते म्हणाले, “त्या दिवशी मी बस थांबवली हुती. पोरगी बसून गेली. तिथंच तिचा सराव बुडाला.”

नोकरीत त्यांनी बस थांबवल्याची ही पहिलीच लेखी नोंद. एकेक कोरा कागद परत टेबलावर जायला लागला. कोणाला गुडघेदुखी आठवली, कोणाला लग्न. धोंडुबाईंनी मात्र कागदावर अंगठा उठवून दिला आणि म्हणाल्या, पाणी दिलं हुतं येवढं खरं, बाकीचं तुमचं तुमी बघा.

मग चाचा पुढे आले.

“साहेब, चूक माझी हाय,” ते म्हणाले. “लिवून घ्या. ती निघाली तवा मी म्हणलो, लवकर ये बेटा, परतीची गाडी चुकंल. मी तिला घाई शिकवली. घाईत काच फुटती, ह्ये मला ठावं असून मी तसं बोललो. दोन वर्सं झाली, मला त्ये वाक्य झोपंत आठवतंय. सही कुठं करू?”

अर्फा दाराशीच हुंदका देऊन रडली. साहेबांनी तिला चाचांची पाटी डोक्यावर घेऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ती डोळे पुसत चालली. मधे एकदाच ते पुटपुटले, “उचलला.” साहेबांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, नेमक्या त्याच पावलाला तिचे दोन्ही पाय हवेत होते, आणि शेरा मारला: ‘गुरू निश्चित.’

त्या दुपारी केंद्रावर हरकती मागे घ्यायला रांग लागली. मी सगळ्यात आधी माझी मागे घेतली, रांगेतल्यांना सर्व्हर बंद आहे म्हणून सांगितलं, आणि मग सर्व्हर चालू केला.

दिल्लीचा सोहळा आम्ही सगळ्यांनी शाळेत बसून टीव्हीवर पाहिला. बादशहा अमीन मणेर, असं पूर्ण नाव माइकवरून आलं तेव्हा शाझियाने शिलाईची कात्री हातात तशीच धरून टाळ्या वाजवल्या. खुर्चीपासून मंचापर्यंत जायला म्हणे चाळीस सेकंदांचा वेळ ठरवून दिलेला होता. चाचा सतरा सेकंदांत पोहोचले. निवेदकाला त्यांचं कार्य वाचून पुरं करता येईना, म्हणून त्यांना मंचावर थोडा वेळ नुसतं उभं राहावं लागलं. मागून अर्फा हसत होती. तिलाही तिचा सन्मान मिळाला, पण फोटोत ती चाचांकडेच बघते आहे.

गावात फलक लागला. त्यावर शुभेच्छुकांचे बेचाळीस फोटो आहेत, हंबीररावांच्या फोटोत कुत्रंही आहे. चाचांचा फोटो पाठवायला मी विसरलो. पुढच्या फलकावर नक्की.

आता गोष्ट संपायला हवी होती, पण सन्मानाचं नवं परिपत्रक आलं आहे. यंदापासून ‘गुरूंना घडवणारे’ असा चौथा विभाग आहे. चाचा चाळीस वर्षं साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दारोदार फिरले, तेव्हा त्यांना घडवणारे पुष्कळ निघाले. कोणी ओट्यावर बसू दिलं, कोणी चहा दिला, कोणी नुसतं ओळखलं. आजवर एकसष्ट अर्ज आले आहेत. तुमच्याही दारात ते कधीतरी आले असतील. निदान तसा कोणी आला असेलच, आणि हे वाचताना तुमच्या मनात ते येऊनही गेलं असेल. क्रमांक बासष्ट तुमच्यासाठी मोकळा ठेवला आहे. आधार कार्ड घेऊन या, केंद्र नऊ ते सहा उघडं असतं.

फक्त एक अडचण आहे. या वेळचा अर्ज ऋषिराज साहेबांनी तयार केलाय. नववी चौकट लाल चांदणीची आहे: ‘ज्या दिवशी ते आपल्या दारातून एकही बांगडी न विकता परत गेले, त्या दिवशी आपण त्यांना काय म्हणाला होतात?’ ती भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. एकसष्टपैकी एकही अजून सरकलेला नाही. पहिला माझा आहे.