परसूदादाचं चौकड्यांचं फडकं

नवरीच्या हनुवटीखाली फडकं धरून फोटो काढणारा आमच्या जोयडा तालुक्यात एकच माणूस, परसूदादा. फडकं हातरुमालाएवढं, लाल-पांढऱ्या चौकड्यांचं. एका हातानं ते धरायचं, दुसऱ्या हातानं कॅमेरा डोळ्याला लावायचा, "बसलं!" म्हणून ओरडायचं, फडकं झटक्यात काढायचं आणि बटण दाबायचं.

"दादा, दाढी बी करणार काय?" मागून कुणीतरी विचारायचंच.

"तुझी करतो, ये. स्वल्प थांब."

हे 'स्वल्प', म्हणजे जरासं, त्यानं कानडीतून उचललेलं. भटजी असो की नवरदेव, सगळ्यांना स्वल्प थांबावं लागायचं.

त्याला कारण होतं. त्याचा नवा मिररलेस कॅमेरा उन्हात वाघ, रिसेप्शनच्या हॉलात मांजर. शेजारी सुप्याचं एवढं धरण, वीज साऱ्या राज्याला. आमच्या हॉलात मात्र जांभळा अंधार आणि डीजेचा धूर. लेन्स पुढं-मागं, पुढं-मागं करत राहायची, चेहरा काही सापडायचा नाही. शेवटी मागच्या थर्मोकोलच्या अक्षरांवर फोकस बसायचा. चौकड्या दिसल्या की मात्र जागच्या जागी थांबायची.

माझ्या मुलीचं रिसेप्शन त्याच हॉलात झालं. व्याही बेळगावचे. परसूदादानं फडकं बाहेर काढलं तसे ते हसले. "तुमच्याकडं फोटोआधी तोंड पुसतात वाटतं?"

मीही हसलो. मग दादा बॅटरी बदलायला वळला आणि मी खुर्चीवरचं फडकं उचलून कोटाच्या खिशात घातलं.

तो खुर्च्यांखाली शिरला. चपलांच्या ढिगात हात घालून चाचपलं. पाहुण्यांना वाटलं, करमणुकीचा कार्यक्रम आहे. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बापू, फडकं बघितलंस काय? तिचं हाय ते."

तिचं म्हणजे वहिनीचं, दादाच्या बायकोचं. दिग्गी गावची ती, मरेपर्यंत चौकड्यांचंच लुगडं नेसली. फडकं त्याच लुगड्याचं, हे मला एका क्षणात कळलं. मी म्हणालो, "न्हाई."

तेवढ्यात माझ्या आईला धरून स्टेजवर आणलं. तिला नातीबरोबर फोटो हवा होता. जास्त उभं राहवत नव्हतं. परसूदादा एकदाही 'स्वल्प' म्हणाला नाही, निमूट बटण दाबत राहिला.

त्याच पावसाळ्यात आई गेली. फोटोत मागची अक्षरं सुईनं टोचल्यासारखी स्पष्ट. पुढं दोन पुसट चेहरे, त्यातला कुठला आईचा ते पातळाच्या रंगावरून ओळखायचं.

मी चौकात, चारचौघांत ओरडलो, "डोळे गेलेत तुझे! कशाला लोकांची कार्यं नासवतोस?"

तो म्हणाला, "व्हय बापू. डोळंच. खुर्चीवर ठेवलेलं फडकं बी दिसलं न्हाई मला."

दांडेलीला जाऊन त्यानं डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. परसूदादा परत येऊन सांगत सुटला, "डाक्टर भला माणूस. तोंडावर सांगवंना त्याला." पुढची लग्नं त्यानं स्वतःच नाकारली. मी हे सगळं ऐकत होतो आणि रोज त्याच्या दारावरून जात होतो.

परवा मुलगी माहेरी आली. जुने कपडे उन्हात टाकताना कोटातून फडकं पडलं. "बाबा, हे परसूकाकांचं न्हवं?"

त्या दुपारीच गेलो. तो ओसरीत एकटा, शेजारी रिकामी खुर्ची. मी फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. व्याह्यांचं हसणंही मध्ये आणलं, जणू त्यानं काही हलकं होणार होतं.

तो चौकड्यांवरून अंगठा फिरवत राहिला. शिव्यांची मी वाट बघत होतो.

"म्हंजे," तो म्हणाला, "डोळं न्हाई गेलं माझं?"

"न्हाई दादा."

तो आत गेला, कॅमेरा घेऊन आला. बॅटरी भरलेली होती. एवढ्या दिवसांत एक फोटो काढला नव्हता, तरी भरलेली होती. त्यानं फडकं खुर्चीच्या पाठीवर नीट पसरलं, कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स फिरली, थांबली. 'टिक' वाजलं.

"बसलं," तो पुटपुटला. ओरडला नाही.

वाऱ्यानं फडक्याचं टोक हललं. कॅमेरा तसाच डोळ्याला लावून, बटण न दाबता, तो खुर्चीला म्हणाला,

"स्वल्प थांब गं."